करविता

वीस हजार जनुकं, अठ्ठेचाळीस नमुने.
प्रत्येक चौकटीत एक आकडा: कोण किती बोललं.
एवढंच माझ्या हाती येतं. पेशी मी पाहत नाही,
समोर ठेवली तरी ओळखणार नाही.

आणि ज्याला शोधायचं
तो या बोलण्यात नसतोच.
संदेश पुढे ढकलणारा काइनेज:
त्याचा स्वतःचा आकडा आधीही सात, नंतरही सात.
करून सवरून नामानिराळा.

आई वाल्गाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, सोव्हिएत काळात.
रात्रीचे कॉल जोडायची, ऐकायची नाही,
निदान तसं सांगायची.
पण पहाटे पाळी संपवून येताना खिडक्या बघत यायची.
तिसऱ्या मजल्यावर दिवा, त्याच्या बहिणीकडे दिवा,
पुलापलीकडे पाद्र्याकडेही,
आणि कोट काढता काढता म्हणायची,
सुताराच्या ओस्करचं आटोपलं वाटतं.

फोन खिडकीवर लिहिलेला नसतो.
कुठल्या खिडक्या एकदम उजळल्या
त्यावरून तो ओळखायचा.
माझा अल्गोरिदम याहून जास्त काही करत नाही.
फक्त खिडक्या वीस हजार,
आणि लेबलं हजारदा पत्त्यांसारखी पिसून
तो स्वतःलाच खोदून विचारतो:
हे दिवे उगाचच, असेच, लागले असते का?

टार्टूत मार्च संपत आला होता. नदीवरचा बर्फ
जावं की राहावं या विचारात.
नवं औषध, यकृताच्या पेशी,
आत कुणाची कळ फिरते ते पाहायचं होतं.
सोमवारी रात्री यादी आली. सगळ्यात वर पी-अडतीस.
संकटाची वर्दी देणारा.
प्राध्यापक लाउरिट्सनी चष्मा कपाळावर सरकवला,
'हा तर ध्यानीमनी नव्हता,' म्हणाले,
आणि राईच्या पावाच्या कागदावरच
निबंधाचं शीर्षक लिहायला घेतलं.
मला आनंद व्हायला हवा होता.
झालाही. दोन दिवस.

बुधवारी नमुने तारखेप्रमाणे रंगवून पाहिले.
दिवे फक्त सहांत. सहाही सतरा फेब्रुवारीचे.
पाच औषधाचे,
आणि औषधाचा थेंबही न मिळालेला सहावा
तितकाच लख्ख.

वहीत रिहोचं बारीक अक्षर.
पेशी उबवणीतून बाहेर: दोन दहा.
गोठवल्या: दोन पंचावन्न.
काम पाच मिनिटांचं. मध्ये एक कोरी ओळ.

विचारलं तेव्हा तो हातमोजे काढत बसला,
एकेक बोट सोडवत.
मिर्टेलच्या बालवाडीतून फोन आला होता. ताप, साडेएकोणचाळीस.
बायको नार्वाला. धावत गेला,
पोरीला शेजारणीच्या हवाली केलं, धावत आला,
कुणाजवळ बोलला नाही,
कारण नोकरी मेपर्यंतचीच होती.

टेबलावर पंचेचाळीस मिनिटं गार होत गेलेल्या पेशींनी
करायचं तेच केलं होतं,
आतल्या आत वर्दी दिली: काहीतरी बिनसलंय.

म्हणजे अल्गोरिदम चुकला नव्हता.
फोन खरंच आला होता.
मी फक्त दुसऱ्याच घराची चौकशी करत होते.

आमच्या आकृत्यांत पी-अडतीसच्या वर
फार तर दोन-तीन नावं असतात, मग कागद संपतो.
बाण आणखी वर न्यायचा तर
आधी टेबलाचा गारठा, मग एक माणूस बर्फावरून धावताना,
मग बालवाडीतल्या बाईंचा आवाज,
आणि अगदी टोकाला
साडेतीन वर्षांची एक पोर, गाल लाल,
एक बूट पायात, एक हातात.

निबंधात तिच्या वाट्याला पाच शब्द आले:
सहा नमुने तांत्रिक कारणास्तव वगळले.

बेचाळिसांची नवी यादी सपाट निघाली.
वर कुणीच नाही.
लाउरिट्स तो पावाचा कागद घडी घालून खिशात ठेवतात, फेकत नाहीत.

जिन्यात रिहो भेटला. मी काही विचारलं नव्हतं.
'कान होता,' म्हणाला,
'दोन दिवसांत उतरला.'